नवरीच्या आंघोळीचं पाणी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, वसई पूर्वेच्या कारखान्यांमागच्या एका ख्रिस्ती गावात, नातीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी एका आजीने स्वतःच्या विहिरीचं पाणी द्यायला नकार दिला. नवरीच्या आंघोळीसाठी ते वाजतगाजत नेण्याची रीत होती. कारखान्यांनी बिघडवलेल्या विहिरींच्या बातमीसाठी मी तिथे गेलो होतो. बँड आला, तरी आजी विहिरीच्या कठड्यावरून उठली नाही.

"आजी, नातीला पानी द्यायलाबी कंजूशी?" बँडवाला हसला.

तिने कातडी सोलवटलेले हात पुढे केले. आवाज चढवला नाही. "याच्यात धुनं धुतलं मी. बावीचा मान बावीला द्या. पोरीला नळाचं पानी आना."

बावीला, म्हणजे विहिरीला, हार घातला गेला. मग बँड चर्चच्या नळाकडे वळला. पहिली कळशी आजीने भरली.