छप्पर उतरवलेलं घर

दुबईजवळच्या अल ऐनमध्ये रविवारी दुपारी मला फुकट जेवायला मिळतं ते वासुदेवकाकांकडे. काका आमच्या कणकवलीचे, इथे कॉलेजात लॅब सांभाळतात. उर्मिलाकाकू काकांना सांभाळतात. आणि त्या दोघांना सांभाळते वागियेम, इंडोनेशियाची. सात वर्षांत तिने काकूंकडून मराठी उचलली, टोमण्यांसकट. फक्त लिंगाच्या भानगडीत ती पडत नाही. तिच्या लेखी सगळं जग 'तो' आहे. मी तिला वागीताई म्हणतो. ती मला इंजिनियर म्हणते. मी कुडाळचा डिप्लोमावाला, रस्त्याच्या साइटवर मोजपट्टी धरून उन्हात उभा असतो, हे मी तिला कधी नीट समजावलेलं नाही.

तिच्या गावाचं नाव कालिसेपी. नकाशात शोधू नका. मी शोधलंय, बोटाखाली नुसता हिरवा रंग येतो. जावाच्या मधल्या डोंगरांत चाळीस घरं. मोटरसायकल जिथे हात टेकते तिथून पुढे पायवाट. बांधावर कसावा, आपल्या साबुदाण्याचा कंद, आणि उतारावर सालाक. सालाक म्हणजे बुटकं काटेरी झाड, फळाची साल सापासारखी. ते आपणहून फळत नाही. रोज सकाळी माणसाने जाऊन नराचं फूल मादीच्या फुलावर झाडायचं. चार दिवस दांडी मारली की त्या फुलांचे घड गेलेच. इथे फेब्रुवारीत खजुराच्या झाडांवर चढून कामगार हेच करतात, ते वागीताई खिडकीतून तुच्छतेने बघते. "इकडचा झाड मवाळ," म्हणते. "माझा नवरा रक्त काढून लग्न लावतो."

मी म्हटलं, आमच्याकडे माणसांची पण तशीच लागतात. काकूंनी मला आमटी वाढायची थांबवली.

गावातल्या बायका परदेशात: सौदी, हाँगकाँग, इथे. गावात उरतात नवरे, म्हाताऱ्या आणि पोरं. पूर्वी तिथली घरं लाकडाची. जागा बदलायची झाली की तीस-चाळीस जण घराखाली बांबू घालत आणि अख्खं घर खांद्यावर उचलून पलीकडच्या उताराला नेत. वागीताई सहा वर्षांची असताना तिचंच घर असं गेलं होतं, मांजर आत झोपलेलं. मग बायकांचे पगार यायला लागले आणि भिंती विटांच्या झाल्या. तिनेही बांधलं. हॉलमध्ये हिरव्या टाइल्स, तिने इथे बसून फोनवर निवडलेल्या. विटांचं घर खांद्यावर बसत नाही, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही.

डिसेंबरात पावसाने तिच्या घरामागच्या उताराला भेग पडली. तुकिमनने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, भेग रुंदावते का ते मोजायला तिच्या दोन्ही बाजूंना बांबूच्या खुंट्या ठोकल्या आणि मध्ये दोरी ताणली. दर रविवारी त्याचा फोटो येई. ती ताट वाढून फोन माझ्यापुढे धरी. मी बघून सांगे, एक वीत आणि चार बोटं, गेल्या वेळेइतकीच.

"तुझा डोंगर शिस्तीचा आहे, वागीताई," मी म्हणायचो. "सरकारी नोकरीत हवा होता." ती हसायची आणि भात जास्त पडायचा.

एप्रिलमध्ये तिचं कॉन्ट्रॅक्ट संपणार होतं. मुलगी वेनिंग दोन वर्षांची असताना ती निघाली होती. आता पोरगी नऊ वर्षांची. तिच्यासाठी काकूंनी गुलाबी चाकाची बॅग घेऊन ठेवली होती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी हुशारी दाखवायला गेलो. नऊ फोटो एकामागून एक झरझर सरकवले, डोंगर किती शिस्तीचा ते तिला दाखवावं म्हणून. खुंट्या जागच्या जागी. घराची भिंत जागच्या जागी. मधलं फणसाचं झाड तेवढं वाकत होतं. मी बोट उलटं फिरवलं, झाड सरळ झालं. पुन्हा पुढे, पुन्हा वाकलं, घराच्या दिशेने. मी कोकणातला आहे. खालची जमीन सरकल्याशिवाय फणस असा कुणापुढे वाकत नाही.

शेवटचा फोटो मोठा केला. दोन महिन्यांत बांबू पिवळा पडतो. या खुंट्या हिरव्यागार होत्या, त्याच आठवड्यात तोडलेल्या. भेग मातीने बुजवायची, नव्या खुंट्या मोजून त्याच अंतरावर ठोकायच्या, फोटो काढायचा. माझ्या साइटवर हेच केलं की आम्ही त्याला रिपोर्ट म्हणतो.

गप्प बसता आलं असतं. समोर गरम भात होता. मी सांगितलं.

तिने तिथेच फोन लावला. बोलणं त्यांच्या भाषेत झालं. तुकिमन काय म्हणाला ते तिने नंतर सांगितलं. तुला कळलं असतं तर तू सगळं सोडून आली असतीस. माझी आई या घरातून हलत नाही. सालाकला फुलं आलीत, आता कसा जाऊ. काढणी झाली की बघू.

वागीताईने ओरडा केला नाही. हात पदराला पुसावेत तसे ओढणीला पुसले आणि तीन-चार वाक्यं बोलली. काकूंनी विचारलं, काय सांगितलंस?

"सांगितला, घर माझा आहे. आजच छप्पर उतरव. मग पावसात बसून दाखवा."

माणसं जमली, पूर्वी घरं उचलायची तीच. व्हिडिओवर आम्ही बघत होतो: कौलं हातोहात खाली येत होती. तिथली संध्याकाळ आमच्याकडे दुपारी तीनलाच होते. अंधारता अंधारता पाऊस आला आणि हिरव्या टाइल्सवर थेट पडायला लागला. सासू छत्री उघडून हॉलच्या मधोमध बसून राहिली. तासाभराने उठली. वेनिंगचा हात धरून ओढ्यापलीकडे आपल्या मुलीच्या घरी गेली. काकू रडल्या. वागीताई कुकर घासत होती.

आता खरं सांगायचं तर डोंगर अजून पडलेला नाही. गाव म्हणतं, आखाताची उष्णता वागियेमच्या डोक्यात गेली. तुकिमन रोज सकाळी फुलं झाडायला वर जातोच. एप्रिलचं जाणं राहिलं. दुसऱ्या जागी पुन्हा भिंती उभारायच्या म्हणून तिने काकूंना व्हिसा दोन वर्षं वाढवायला सांगितला. गुलाबी बॅग कपाटावर आहे.

त्याच उताराखाली आणखी अकरा घरं आहेत. त्यांच्या मालकिणींना तिने एकेक करून फोन केले. कुणी हसल्या, कुणी फोन ठेवला. शारजाच्या औद्योगिक भागात पॅकिंगचं काम करणाऱ्या अरफाचं गावातलं घर वागीताईच्या भिंतीला लागून, अजून बांधकाम चालू असलेलं. ती इन्शाल्ला म्हणाली.

काल अरफाकडून गावाकडचा फोटो आला. तिचं घर पूर्ण झालं होतं. कौलं नाहीत, वरती स्लॅब. खाली अंगणात पंगत बसलेली.

"कौल उतरला," वागीताई म्हणाली. "स्लॅब कसा उतरवणार?"

ती फोटो मोठा करून एकेक चेहरा बघत होती, म्हाताऱ्या सोडून, फक्त पोरांचे. मागच्या रांगेत थांबली. केळीच्या पानावर पिवळा भात घेतलेली, कॅमेऱ्याकडे बघून हसणारी वेनिंग.

तुकिमनला फोन लागला. तो म्हणाला, एका जेवणाचं काय घेऊन बसलीस, सगळं गाव होतं. आणि खरा कार्यक्रम पुढच्या रविवारी आहे. घरप्रवेशाची प्रार्थना आहे, पोरं त्या घरातच झोपणार.