करणी काढणारे मामा

आमच्या सौभाग्यवतीच्या मामांइतका हट्टी माणूस कृष्णा-कोयनेच्या पाण्यावर दुसरा पोसला गेला नसेल. कराडच्या एका शाळेत जन्मभर गणित शिकवून ते निवृत्त झाले आणि लगेच वर्गमुळाच्या चिन्हाशी त्यांनी उघड वैर धरलं. "पाचानं काय गुन्हा केला म्हणून त्याला त्या छपराखाली कोंडायचा? मोकळा लिहा, आणि डोक्यावर बारीक एक छेद दोन!" वर्गमूळ असेल तर घात एक छेद दोन, घनमूळ असेल तर एक छेद तीन, ते चिन्ह मात्र कुठे दिसता कामा नये. मामी वाणसामानाच्या यादीवर बरोबरची खूण करायच्या, तर हे चष्मा वर करून विचारायचे, "साखरेचं वर्गमूळ काढलंस? किती आलं?" एका लग्नात माझ्या तोंडून नुसतं 'रूट' निघालं, तर हातातली जिलबी ठेवून त्यांनी मला पत्रावळीवर मठ्ठ्यानं घातांक लिहून दाखवला.

आता गणितात अशा मुळाला म्हणतात करणी. मामांनी फाटकावर पाटी लावली, 'येथे करणी काढून मिळेल. मोफत.' मामी म्हणाल्या, "अहो, लोक काय म्हणतील?" मामा म्हणाले, "लोकांना गणित येत नाही, हा माझा दोष?" पुढच्या अमावास्येला फाटकाशी माणसं लिंबं घेऊन उभी. मामांनी प्रत्येकाला घातांकाचे नियम ऐकवून वाटेला लावलं, पण पाटी काही काढली नाही.

त्यातच कडेगावकडची एक बाई नववीतल्या लेकीला घेऊन आली.

"आवं गुर्जी, पोरीवर करणी झालीया. गणिताचं पुस्तक उघडलं की हात कापत्यात. औंदा नापास झाली तर हिचा बा शाळंतनं काडणार हाय."

"कुठली करणी? वर्गमूळ की घनमूळ?"

"ते आमास्नी काय ठावं? मुळापासनं काडा म्हंजी झालं."

"काढतो की. आधी घात करू."

'घात' ऐकताच बाई लेकीला पाठीशी घालून ताडकन उभी राहिली. मामींनी चहा पाजून तिला शब्दाचा अर्थ समजावला, तेव्हा कुठे ती बसली.

मामा मात्र पेटले. "ही पोरगी पास झाल्याशिवाय पाटी उतरणार नाही!" दर रविवारी मायलेकी एसटीनं यायच्या. शेजारी हसत होते, नातेवाईक तोंड चुकवत होते, मी तर पाटी उतरवा म्हणून हातापाया पडलो. मामा ढिम्म. एका रविवारी त्यांनी पाचाचं वर्गमूळ गुणिले पाचाचं घनमूळ असं गणित घातलं. पोरगी थिजली. मामांनी दोन्ही छपरं खोडली, एकाच पाचाच्या डोक्यावर एक छेद दोन अधिक एक छेद तीन लिहिलं आणि पेन्सिल तिच्यापुढे सरकवली. तिनं हळूच पाच छेद सहा लिहिलं.

"म्हंजी नुसती अपूर्णांकाची बेरीज व्हय, सर? ह्याला मी इतकी भ्याले?"

मामांचे डोळे भरून आले. विचारलं तर म्हणाले, चष्म्याला घाम आलाय.

पोरगी पास झाली, पाटी उतरली. आता ती कराडलाच इंजिनिअरिंगला आहे. मामा यंदा गेले. माणसं भेटायला येत होती, त्यात ती बाईही आली आणि उंबऱ्यातच मोठ्यानं रडली, "आमची करणी काडणारा गेला वं!"

पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यानं दचकून मला कोपऱ्यात घेतलं. "मामा असलं काही करायचे?"

"करायचे," मी म्हणालो. "मोफत."