जीपमधली शिट्टी

गाडीच्या टेपमधून इंजिनाची शिट्टी येते, हे दुखणं गिऱ्हाइकाला शब्दांत सांगता येत नाही. तो तोंडानेच वाजवून दाखवतो. तळेघरकडचा तो जीपवाला माझ्या दुकानाच्या पायरीवर उभा राहून "कुंईंई" करत होता आणि एक्सिलेटर दाबल्यासारखा पाय हलवत आवाज चढवत नेत होता. मागे त्याची बायको पदर तोंडाला लावून हसत होती.

दोन हजार सालानंतरचं एखादं वर्ष असेल. जुन्नरच्या बाजारपेठेत आमचं पिढीजात कापडाचं दुकान. ते धाकट्या भावावर सोडून मी बोळाच्या तोंडाशी गाड्यांचे टेप बसवायचं दुकान काढलं होतं. मारवाड्याच्या मुलाने हात काळे करावेत हे घरात कुणालाच रुचलं नव्हतं, म्हणून आपण या कामात किती हुशार आहोत हे दाखवायची मला भारी खुमखुमी. "शिट्टी काढावी तर त्या शेठनंच," असं ड्रायव्हर लोक म्हणायचे. मी ते ऐकून फुगायचो.

त्याची जीप वडापची, भाड्याने माणसं भरून धावणारी, घोडेगाव ते तळेघर आणि तिथून वर त्याच्या वाडीपर्यंत. ज्या जीपमध्ये गाणी चांगली त्यात माणसं आधी बसतात, म्हणून त्याने कुठूनतरी अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर बसवून घेतले होते. गाण्यापेक्षा शिट्टीच मोठी येत होती.

"वाडीत दुसरी गाडी न्हाई शेठ," तो म्हणाला. "बाळतीण असू दे, तापाचं माणूस असू दे, हीच. त्यात ही शिट्टी. आजारी माणसाला लई तरास व्हतो."

"आजाऱ्याचं कशाला नाव घेताय," बायको म्हणाली. "डोकं माझं उठतंय."

मी कामाला लागलो. टेपकडून अ‍ॅम्प्लिफायरला येणाऱ्या पिना काढल्या, शिट्टी गेली. लावल्या, परत आली. म्हणजे स्पीकर चांगले, अ‍ॅम्प्लिफायर चांगला, घोळ अर्थिंगचा. टेपची अर्थिंगची वायर पुढे पत्र्याला, अ‍ॅम्प्लिफायरची मागे पत्र्याला. अशा दोन जागा झाल्या की डायनामोचा करंट मधल्या वायरीत घुसतो आणि स्पीकरमधून रडायला लागतो. हे रोजचंच. पण एवढी मोठी शिट्टी मी कधी ऐकली नव्हती.

"सेल्फ कसा लागतो?" मी विचारलं.

"सेल्फ कोन मारतंय राव! आमी उतारावर लावतो. ब्रेक सोडला की गाडी चालू." डोंगराकडचे सगळेच असं करतात. मी हसलो. मग तो म्हणाला, "एक्सिलेटरची केबल तेवढी सारखी जातीया. दोनदा बदलली. जळल्यावानी व्हती."

हे मी ऐकलं. नीट ऐकलं. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी असते. ती कुजली की करंट परत यायला दुसरी वाट शोधतो, आणि हाताला लागेल त्या बारक्या केबलमधून पळून तिला जाळतो. किल्लीने इंजिन फिरवणाऱ्या सेल्फला मग पुरेसा करंट मिळत नाही. बॉनेटखाली वाकून ती पट्टी नुसती हलवून पाहायची होती.

पण चातुर्मास बसला होता. आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवण, नाहीतर उपास. मी गेलो नाही तर आईही जेवायची नाही, आणि ऊन किल्ल्यामागे उतरायला आलं होतं. मी बॅटरीपासून दोन जाड वायरी सरळ ओढल्या, एक टेपला, एक अ‍ॅम्प्लिफायरला. शिट्टी पार गेली. हा इलाज रीतसर आहे, कुणी नावं ठेवणार नाही. बिघाड मात्र जागेवरच राहिला, आणि तो ओरडून सांगत होता ते तोंड मी बांधून टाकलं.

बायको पुढच्या सीटवर बसून गाणं ऐकत राहिली. "आता कसं बाई कळतंय," म्हणाली. जाताना मला म्हणाली, "भात निघाला की तुमाला हातसडीचं तांदूळ आणते."

दिवाळीनंतर तो एकटाच आला. म्हणाला, टेप काढून टाका.

"का भाऊ? बायकोला गाण्यांचा कंटाळा आला का काय?" मी आपला थट्टेने विचारून बसलो. ते शब्द आजही माझ्या तोंडात कडू होतात.

श्रावणात भाताच्या खाचरात बेणणी करताना, तण उपटताना तिला साप चावला होता. त्याच दिवशी उतारावरच्या रस्त्यावर दरड आली होती, म्हणून जीप खाली शाळेपुढच्या सपाटीला लावलेली. सेल्फ मारला तर नुसता टक् आवाज. लोकांनी धक्का मारला, पण चिखलात चाकं घसरत राहिली. शेवटी बैल जुंपून जीप ओढली तेव्हा ती सुरू झाली. "तवर ती बोलत व्हती," तो म्हणाला. घोडेगावचा दवाखाना यायच्या आधीच संपली.

मी टेप काढला. मग बॉनेट उघडून हात खाली घातला. पट्टी हिरवी पडलेली, चार तारांवर लोंबत होती. मी दुसरी बसवली. आमची चहाची किटली उकळते तेवढाही वेळ लागला नाही. त्याला सेल्फ मारायला सांगितलं. पहिल्या झटक्यात इंजिन लागलं.

तो स्टिअरिंग धरून तसाच बसला. मग म्हणाला, "काय केलं शेठ?"

"काही नाही. बॅटरीची टोकं खराब झाली होती, साफ केली."

का खोटं बोललो? भीती वाटली. माझं नाव जाईल याचीच वाटली, दुसरं काही नाही.

"म्हंजी टोकं मी साफ ठेवली असती तर..." एवढं म्हणून तो खाली उतरला. मी बॉनेट बंद केलं. मग त्याने मागून एक पिशवी आणून माझ्या गल्ल्यावर ठेवली. तांदूळ होते. "तिनं कबूल केलं व्हतं."

पुढच्या वर्षी संवत्सरीला मी दुकानात बसलो होतो. त्या दिवशी आम्ही जैन लोक भेटेल त्याच्यापुढे हात जोडतो आणि वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर माफ करा म्हणतो. तेवढ्यात तो इंडिकेटरचा बल्ब घ्यायला आला. आज सांगून टाकायचं असं मी ठरवलं. उठलो, हात जोडले, आणि सगळ्यांना म्हणतो तेच त्याला म्हणालो. पुढचं तोंडातून निघालं नाही.

त्याने घाईघाईने माझे हात खाली केले.

"तुमी कशाला माफी मागताय शेठ," तो म्हणाला. "चूक माझी व्हती."