बाहेरून लावलेली कडी

माझ्या भरवशावर लहान मूल सोडायचं नाही, हा आमच्या घरात एकमतानं झालेला एकमेव निर्णय आहे. मीसुद्धा हात वर केला होता.

त्याआधी ताईनं एकदा धाडस केलं. तिला कासारवाडीला मैत्रिणीच्या डोहाळजेवणाला जायचं होतं आणि तिची साडेतीन वर्षांची पिहू सोफ्यावर झोपली होती.

"नित्या, सांभाळशील ना? आई म्हणते, त्याच्याकडे तुळससुद्धा ठेवू नकोस."

हे मला लागलं. (तुळस मीच वाळवली होती, पण म्हणून काय!) म्हटलं, आज दाखवतोच. "ताई, तू बिनघोर जा!"

जाता जाता ती आतल्या खोलीबद्दल काहीतरी सांगत होती. मी रिमोट शोधत होतो. "हो हो," म्हणालो.

टीव्हीवर नेमका जुना इंग्रजी भयपट लागला. एकाकी बंगला, दुसऱ्याचं बाळ सांभाळायला आलेली पोरगी आणि घराभोवती फिरणारा कुणीतरी माथेफिरू. तिच्या दारावर ठकठक झाली. मी उशी पोटाशी धरली. पुन्हा ठकठक. मी टीव्हीचा आवाज बंद केला. ठकठक चालूच!

आतल्या खोलीतून! आणि त्या खोलीला कडी बाहेरून!

तेवढ्यात भाऊजींचा फोन आला. या आठवड्यात त्यांची फर्स्ट शिफ्ट, म्हणजे ते चाकणला कंपनीत. मी कुजबुजलो, "भाऊजी, चोर शिरलाय. तुमच्या बेडरूममध्ये."

मग तेही कुजबुजले, "माझ्या? कुठंय?"

"आतच आहे. पण घाबरू नका, मी सोडत नाही त्याला!"

आत पलंग सरकल्याचा आवाज झाला. (बिचारे झोपेतून उठलेले. पलंगाखाली वाकून चोर शोधत होते, हे नंतर कळलं.) मग फोनमधून आणि दारातून एकदमच आवाज आला, "नितीन, इथं मी एकटाच हाय! कडी काढ की, लई लागलीय!"

शहाण्या माणसाला एवढ्यावर उमगलं असतं. मला वाटलं, चोरानं भाऊजींनाच डांबून ठेवलंय! "चोर! चोर!" ओरडत मी बाहेर पळालो आणि मागे दार धाडकन लागलं. चावी आतच.

शेजारच्या शिंदेकाकू लाटणं घेऊन आल्या. "अरे, पोरगी कुठंय?"

मी हातातल्या उशीकडे पाहिलं. सिनेमातल्या पोरीनं जिवावर बेतलं तरी बाळ सोडलं नव्हतं. मी उशी घेऊन आलो होतो!

मग मात्र मला खरंच रडू फुटलं. "पिहू! पिहू!" करत मी दार बडवत राहिलो. आतून काहीतरी फरफटल्याचा आवाज आला, पाठोपाठ कडीचा. तरी दार उघडेना. (भाऊजी आधी बाथरूमला गेले होते.)

शेवटी पिहूला कडेवर घेऊन त्यांनी दार उघडलं. कंपनीतल्या जोडीदाराशी शिफ्ट बदलून ते नाइट करून सकाळी घरी आले होते. पिहू पप्पाच्या पोटावर जाऊन बसते, म्हणून ते दिवसा झोपले की ताई बाहेरून कडी लावते. पिहूनं स्टूल ओढत नेऊन ती काढली होती.

"मामा, रडू नको, पप्पाच होते," माझे डोळे पुसत ती म्हणाली.

ताई अजूनही मला बोलावते, पण निघताना सूचना पिहूला देते. "मामाकडे लक्ष ठेव. सिनेमा लावू देऊ नकोस." पिहू सगळं नीट ऐकते. मग मी जरा आतल्या खोलीत आडवा झालो, की स्टूल ओढल्याचा आवाज येतो आणि बाहेरून कडी लागते.