स्वतःच्या तोंडचं पत्र

वाईला कचेरीसमोर मी अर्ज लिहून देतो. सातबाऱ्यावरच्या नोंदीचे, रेशनकार्डाचे, हरवलेल्या गुणपत्रिकेचे. लोक म्हणतात, तुमचं लिहिणं सरळ असतं, साहेबाला एका वाचनात कळतं, कुठं शिकलात? इतकी वर्षं मी सांगत आलो की तरुणपणी सुरतेला गिरणीत होतो, तिथल्या हेडक्लार्कनं शिकवलं. बायकोलाही लग्नाआधी हेच सांगितलं. मुलांना तर मी सुरतेच्या गल्ल्यांची वर्णनं ऐकवली आहेत. सुरत मी अजून पाहिलेली नाही.

गेल्या दिवाळीत बायकोला खरं सांगायला बसलो. अर्ध्यात अडखळलो, तेव्हा ती म्हणाली, असं तुकड्यातुकड्यानं नको, सगळं लिहून काढा. म्हणून हे.

मी सांगलीला तुरुंगात होतो. नव्वदनंतरची पाच वर्षं. पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि मी चुलतभावाच्या हातावर फावडं घातलं. तो वाचला, पण उजवा हात कोपरात वाकडा राहिला. आता त्याला नातवंडं आहेत आणि तो त्यांना डाव्या हातानं उचलतो. मी ते पाहिलं आहे. त्याबद्दल याहून जास्त मला लिहिता येत नाही.

त्याची शिक्षा मी भोगली. जिची शिक्षा मला कुणी दिली नाही अशी दुसरी एक गोष्ट आत असताना माझ्या हातून झाली. आणि गंमत अशी की ती आठवली की शरमेबरोबर हसूही येतं.

बराकीत धड लिहिता येणारा मी एकटा. दहावी पास. त्यामुळे सगळ्यांची पत्रं माझ्याकडे. मला सगळे मास्तर म्हणायचे. माझ्या दुप्पट वयाची, मिशा पिकलेली माणसंसुद्धा. एका पत्राला चार विड्या. नळावर पहिला नंबर. संडास धुण्याची पाळी माझ्यावर यायचीच नाही, कुणीतरी आपणहून उचलायचा. घरी पाण्याच्या पाळीसाठी फावडं उचलणारा मी, इथं पाळी चुकवून राजासारखा राहत होतो.

मग तिथल्या साहेबांनी दुपारचा वर्ग काढला. बाहेरून पाट्या आल्या, पुस्तकं आली, शिकवायला अर्थातच मी. कडुनिंबाखाली नऊ जण बसायचे. आणि इथं माझं पाप सुरू होतं. ही माणसं लिहायला शिकली तर माझ्याकडे कोण येणार? वर्गातली माणसं अक्षरं जोडायच्या बेताला आली की मी म्हणायचो, पाया कच्चा आहे, परत अ पासून. असं तीनदा केलं. दोन-तीन महिन्यांचं काम मी वर्षभर ताणलं. साहेब विचारायचे, प्रगती कशी? मी म्हणायचो, साहेब, डोकी जड आहेत.

डोकी जड नव्हती. त्या नवांत आटपाडीकडचा एक मेंढपाळ होता. मेंढरं कुणाच्या तरी पिकात शिरली, त्यावरून मारामारी झाली आणि तो आत आला. पंचेचाळिशीचा असेल. मी त्याला मामा म्हणायचो. त्याला अक्षरं माणसांसारखी किंवा जनावरांसारखी दिसायची. ‘ठ’ म्हणजे तव्यावरची भाकरी. ‘ळ’ काढला की म्हणायचा, दोन मेंढरं डोक्याला डोकं लावून उभी हायत. ‘ण’ त्याला अजिबात आवडायचा नाही. एवढं नाकात बोलायला आपुन काय बामन हाय का, असं म्हणून तो सगळीकडे ‘न’ घालायचा आणि सगळा वर्ग पाट्या आपटून हसायचा.

मामाची सुटका सात-आठ महिन्यांवर आली होती आणि त्याच्यापुढे दोन वाटा होत्या. एक घरची. दुसरी बराकीतल्या एका डिझेलवाल्याची. हा गडी हायवेवर उभ्या ट्रकमधून नळीनं डिझेल काढताना सापडलेला. तो मामाला रोज सांगायचा, सुटलास की लोणंदला माझा माणूस हाय, सांभाळंल तुला. मामाला ते काम नको होतं. पण चार वर्षांत बायको एकदाही मुलाखतीला आली नव्हती, एका पत्राला उत्तर नव्हतं. तो मला म्हणाला होता, “तिनं न्हाई म्हनलं तर मी आटपाडीच्या यष्टीत कुठल्या तोंडानं बसू? लोनंदलाच जानार.”

ती सगळी पत्रं मी लिहिलेली. आणि छान लिहिलेली, असं मला वाटायचं. ‘सौभाग्यवतीस अनेक उत्तम आशीर्वाद. विनंती विशेष. येथील सर्व क्षेम असून आपल्या प्रकृतीचे वर्तमान कळविणेचे करावे.’ मामा म्हणायचा, लिवा की तिला, काळी शेळी व्याली का. मी लिहायचो, ‘पशुधनाची स्थिती कळवावी.’

एक दिवस मामाच्या बायकोचा भाऊ मुलाखतीला आला. मामा जाळीपासून परतला तो तोंड पाडून. बायकोनं भावाकडे निरोप पाठवला होता. गावातल्या गुरुजींनी तिला ती पत्रं वाचून दाखवली होती आणि ती म्हणाली होती, “घरच्या बायकूशी बोलायला त्याला वकील लागतोय व्हय? त्याच्या तोंडचं असंल तर मी ऐकंन. वकिलाचं पत्र मला नगं.”

चार वर्षं तो बापडा मला बोलून दाखवत होता आणि मी त्याचा वकील होऊन बसलो होतो. ‘हाय’चं ‘आहे’ करत करत मी त्या पत्रांतून मामालाच खोडून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशीपासून मी खरं शिकवायला लागलो. अ पासून नाही, शेळीपासून. शेळी, काळी, भाकरी, ये, जा, हाय, न्हाई. मामा जेवताना ताटातल्या आमटीनं लिहायचा, अंघोळीला बसला की फरशीवर ओल्या बोटानं लिहायचा. हवालदारानं एकदा दरडावलं, काय रेघोट्या ओढतोयस? मामानं त्यालाच विचारलं, “दादा, ‘व्या’ला काना कुठल्या अंगाला?” हवालदार खाली बसला, त्यानंही बोट ओलं केलं, आणि दोघांचा वाद जुंपला.

सात आठवड्यांनी मामानं पोस्टकार्ड लिहिलं. अक्षरं बोराएवढी, ओळी उताराला लागलेल्या. ते असं होतं:

‘मी हाय. बरा हाय. काळी व्याली का. मेंढरं किती ऱ्हायली. तू ये. न्हाई आलीस तरी रागवत न्हाई. पन ये.’

त्या ‘पन’वर माझी पेन्सिल टेकली होती. खरंच टेकली होती. मी ती उचलली आणि म्हणालो, मामा, बरोबर आहे, टाका पेटीत.

पुढचे दिवस सगळी बराक वाट पाहत होती. डिझेलवालासुद्धा. तो चिडवायचा, मामा, उत्तर येतंय का लोणंदला येताय? आणि मामा रोज उत्तर द्यायचा, डाक यिऊ दे. पण त्याचं जेवण कमी झालं होतं.

डाक आलीच नाही. बायकोच आली. जाळीच्या पलीकडून तिनं ते कार्ड वर धरलं आणि म्हणाली, “ह्ये मी वाचलं. मी.” गावात बायकांचा साक्षरतेचा वर्ग निघाला होता, ती दुपारी तिथं जात होती. गुरुजींनी वाचून दाखवलेल्या माझ्या पत्रांतला एकही शब्द तिला लागत नव्हता. हे कार्ड तिनं ओट्यावर बसून, शेजारणींना जवळ येऊ न देता, एकटीनं वाचलं होतं. काळी दोनदा व्याली होती. मेंढरं एकतीस राहिली होती. मामा परत आला आणि हे सगळं त्यानं बराकीत उभं राहून सांगितलं, शेवटी ‘एकतीस’ हा शब्द भिंतीवर बोटानं लिहून दाखवला. डिझेलवाल्यानं आपल्या विड्यांचं बंडल सगळ्यांत वाटलं. तो म्हणाला, माझा गडी गेला, आता तुमी तरी वढा.

त्यानंतर सगळे मामासारखं स्वतः लिहायला लागले. माझं दुकान बसलं. विड्या बंद, नळावर नंबर मागे, संडासाची पाळी सुरू. खोटं सांगत नाही, त्या महिन्यांत मी गुणगुणत झाडू मारत होतो.

मामा सुटायच्या आठवड्यात मी त्याला सगळं सांगितलं. मुद्दाम ताणत होतो, विड्यांसाठी. बोलताना मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. तो विडी विझवत म्हणाला, “मेंढरू लंगडं हाय का सोंग करतंय, ते राखनाऱ्याला कळतं, मास्तर. मला वाटलं, असंल काय तरी अडचन.” मग म्हणाला, “पर वरीस लय केलंसा.” एवढंच. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मी विचारलं नाही.

सुटकेच्या सकाळी त्याचं गाठोडं दारापर्यंत न्यायला मला परवानगी मिळाली. लहान दरवाजा उघडला. बाहेर बायको उभी होती. मामा उंबऱ्यावर वळला, आम्हाला हात जोडले आणि सवयीनं म्हणाला, “बरं, येतो.”

हवालदारानं कपाळाला हात लावला. “अरं येडा का काय? हितनं निघताना येतो म्हनत्यात व्हय? जातो म्हन.”

आता आपल्याकडे कुठूनही उठताना ‘जातो’ म्हणायची कुणाची जीभ वळते? मामानं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. एवढ्या माणसांसमोर अपशकुनाचा शब्द काढायचा कसा? मी हसत होतो, हवालदार हसत होता, मामा घामाघूम झाला होता.

बाहेरून बायकोचा आवाज आला. “आवं, आता काय कबूल करायचं ऱ्हायलंय? चला, आटपाडीची यष्टी लागलीया.”

मामा एक शब्द न बोलता उंबरा ओलांडून गेला.