चिमटेमामा आणि काळी अळी

रोपवाटिकेत त्यांना सगळे चिमटेमामा म्हणत, कारण तीस वर्षं त्यांच्या खिशात एक लांब चिमटा असायचा. गुलाबावर काळी, काटेरी अळी दिसली की मामा ती चिमट्यानं उचलून बुटाखाली चिरडत. औषधाला मात्र त्यांचा सक्त विरोध. "फवारलंत तर माझे ढालकिडे मरतील!" लाल पाठीवर काळे ठिपके असलेला तो इवलासा किडा गुलाबाचा रस शोषणारा मावा फस्त करतो, म्हणून मामांचा त्याच्यावर भारी जीव. तरी मावा दरवर्षी वाढत होता आणि मामांचा पारा चढत होता.

यंदा त्यांची सून तिथं कामाला लागली. तिनं एक काळी अळी बरणीत ठेवली आणि रोज माव्यानं भरलेला ताजा शेंडा आत घालू लागली.

"हे काय पाळलंयस?" मामा कडाडले.

"राहू द्या हो बाबा, बघू तरी काय होतं."

काही दिवसांनी अळी काचेला चिकटून निपचित झाली. "मेली एकदाची," मामा म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्याच काचेवर ढालकिडा चालत होता.

मामांनी बरणी डोळ्यांजवळ धरली; अळीच्या जागी नुसतं रिकामं कवच उरलं होतं. ज्याच्यासाठी जगाशी भांडलो, त्याचीच पोरं तीस वर्षं चिरडली! त्या दुपारी डबा तसाच राहिला.

दुसऱ्या सकाळी ते पुन्हा चिमटा घेऊन गुलाबात वाकलेले दिसले. सून धावत आली. "बाबा, परत?"

"ओरडू नकोस," अळी अलगद उचलून माव्यानं लडबडलेल्या फांदीवर ठेवत मामा म्हणाले, "पोरांना जेवायला बसवतोय."