टॉवेल गुंडाळलेला ढोल

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, गेल्या वादळांच्या मोसमात जपानमधल्या, त्सुकुबातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी दत्तमहाराजांशी बोलणं बंद केलं होतं. दिवा लावत होते, कारण भांडण देवाशी होतं, दिव्याशी नव्हतं. पण नमस्कार नाही, नैवेद्य नाही आणि मायक्रोवेव्हवरच्या देवाच्या फळीकडे नजर गेलीच तर ती रागाची.

कारणही तसंच होतं. माझ्या सासूबाई कराडला वारल्या. त्यांच्या धाकट्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, माधवला, निघायचं होतं. पण वादळ आलं आणि विमानं रद्द झाली. अंत्यसंस्कारासाठी दिरांना थांबणं शक्य नव्हतं. माधवने आईला शेवटचं पाहिलं ते फोनच्या पडद्यावर, तेही चित्र अडकत अडकत. फोन ठेवून तो जेवणाच्या टेबलाशी बसला आणि दगड झाला. रडला नाही, बोलला नाही. विचारलं की "मी ठीक आहे" एवढंच, तेही स्टेशनवरच्या सूचनेसारख्या आवाजात. त्याच्या वडिलांचंही असंच झालं होतं. भाऊ गेल्यावर ते वर्षभर गप्प बसले आणि मग त्यांच्या छातीनेच दगा दिला. मला तीच भीती होती. मी देवाकडे एकच मागितलं, "याला एकदा रडव." देव ढिम्म.

त्यात आमचं मराठी मंडळ! ग्रुपवर "ॐ शांती" ची अशी रांग लागली की वाटावं रेशनचं दुकान उघडलंय. रांग संपते न संपते तोच कुणीतरी विचारलं, "शनिवारी निशी-कसाईच्या भारतीय दुकानात कोण जातंय? कढीपत्ता हवाय." एका बाईंनी खास फोन करून सांगितलं, "तुम्हाला प्रायव्हसी हवी असेल, म्हणून मुद्दाम आलो नाही हं. काही लागलं तर नक्की सांगा." काय सांगू? या आणि नवऱ्याला रडवा, असं सांगू? आमच्याकडे सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी पिठलं-भात आणून देतात. इथे भात मीच लावला आणि शिजल्यावर त्या निर्लज्ज राइस कुकरने आनंदाची धून वाजवली. मी त्याची वायर ओढून काढली.

वरच्या मजल्यावर रिनपुई राहते. मिझोरामची, पस्तिशीची, इथल्या वृद्धाश्रमात काळजीवाहकाचं काम करते. तिला हिंदी जेमतेम आणि मला मिझो शून्य, त्यामुळे भारतातल्या आम्ही दोन बायका कचऱ्याच्या दिवशी खाली भेटलो की जपानीत बोलतो. त्या सकाळी माझे सुजलेले डोळे पाहून तिने विचारलं, मी सांगितलं. ती "हो का" म्हणाली, बाटल्यांची झाकणं वेगळी टाकली आणि निघून गेली. हीपण तसलीच, असं म्हणत मी जिना चढले.

संध्याकाळी बेल वाजली. दारात रिनपुई, तिच्या मागे तिच्या चर्चमधले सहा जण. एकाच्या हातात भली मोठी किटली, दोघांच्या काखेत घडीच्या खुर्च्या आणि एका धिप्पाड गड्याच्या गळ्यात ढोल. "ओजामा शिमास", म्हणजे "तुम्हाला त्रास देतो", असं जपानी रीतीने म्हणून सगळे आत शिरले आणि दिल्या शब्दाला जागले. बूट ओळीने लावले, सोफा भिंतीला सरकवला, एकीने ओट्याचा ताबा घेतला, एकाने न विचारता कचरा बांधला. मी माझ्याच घरात पाहुणी!

"तुम्हाला कुणी बोलावलं?" मी फणकारले.

"माणूस गेलेल्या घरी बोलावतात?" रिनपुई खरंच बुचकळ्यात पडली. "आमच्याकडे बोलावण्याची वाट पाहिली तर गावात तोंड दाखवता येत नाही."

"आमच्यात सुतक असतं. शांतता पाळतात."

"आमच्यात घर एकटं ठेवत नाहीत. रोज संध्याकाळी सगळे येतात, चहा करतात, गातात."

"गातात? मेलेल्या घरात?"

"मग कुठे गाणार?"

मी फळीकडे बोट दाखवलं. "आम्ही हिंदू आहोत."

"दिसतंय ना." तिने दत्ताला छान वाकून नमस्कार केला. "यांना चालेल ना? डोकी तीन आहेत, एखाद्याला तरी आवडेल."

मला हसू आलं आणि त्याचाच जास्त राग आला. तोवर त्यांनी माधवला मधल्या खुर्चीत बसवलं होतं. तो सवयीने कप मांडायला उठला, तर त्या धिप्पाड गड्याने खांद्याला धरून परत बसवलं. "आज तुम्ही काही करायचं नाही." काळा कोरा चहा आला, सोबत ओकिनावाच्या काळ्या साखरेचे खडे, कारण त्यांच्याकडे चहाबरोबर गूळ चावतात. मग ढोलावर माझाच आंघोळीचा टॉवेल गुंडाळण्यात आला, शेजाऱ्यांचा मान राखायला म्हणून. आणि गाणं सुरू झालं.

संथ, लांबच लांब, चार-चार सूर एकमेकांत विणलेले. एकानेही माधवला "धीर धरा" म्हटलं नाही. ते फक्त त्याच्याकडे तोंड करून बसले आणि किंचित डोलत गात राहिले. टॉवेलखालून ढोल असा धपधप वाजत होता, जणू घरालाच काळीज फुटलंय. मी मात्र दाराकडे कान लावून होते. अपेक्षेप्रमाणे बेल वाजलीच. खालच्या मजल्यावरचे नाकामुरा-सान! एकदा चटणी वाटली होती, तर मिक्सरच्या आवाजाबद्दल वर आले होते. मी कमरेत वाकून माफीला सुरुवात केली, पण रिनपुईने मध्येच सांगून टाकलं, "या घरातली आई वारली." नाकामुरा-सान वळून खाली गेले. आता पोलीस, मी मनात म्हटलं. ते परत आले ते स्वतःची बसायची गादी घेऊन. दाराजवळ अंथरली आणि पाठ ताठ करून बसले.

मंडळात मराठी येणारी चाळीस घरं, आणि माझ्या घरी बसायला आले ते आमच्या सासूबाईंचं नावही उच्चारता न येणारे! दत्त कोणत्या वेषात येईल सांगता येत नाही, हे लहानपणापासून ऐकत आले. फकीर, भिकारी, कुत्रा. पण तो सात जणांत वाटला जाऊन, किटली घेऊन, थेट चर्चमधून येईल, याची पूर्वसूचना कुणी दिली नव्हती. रिनपुईकडे यासाठी एक शब्द आहे, त्लोमङाइना. दुसऱ्यासाठी धावताना आपली सोय मध्ये येऊ द्यायची नाही, असा काहीसा अर्थ. मराठीत शब्द शोधला, सापडला नाही. याचाही मला राग आहे.

मी देवाकडे फक्त मागितलं नव्हतं, मदत कुठल्या दाराने यावी हेसुद्धा ठरवून दिलं होतं. विमान सुटावं, दिरांनी थांबावं, मंडळाने यावं. त्याने माझी एकही अट मानली नाही. शरण जाणं म्हणजे हात जोडणं, असं मी समजत होते. ते सोपं आहे. कुणीतरी तुमचा सोफा सरकवतो आणि तुम्ही सरकवू देता, ते अवघड. त्या संध्याकाळी मी सरकवू दिला आणि फळीसमोर जाऊन, रागानेच का होईना, हात जोडले.

कारण तिसरं की चौथं गाणं चालू असताना माधवचे खांदे हलायला लागले. मग तो रडला, लहान मुलासारखा, मोठमोठ्याने. ते लोक गायचे थांबले नाहीत, उलट आवाज चढवला, त्याच्या रडण्याला आडोसा म्हणून. नाकामुरा-साननी खिशातून रुमाल काढून पुढे सरकवला. पण रडू फुटण्याआधी तो एक वाक्य बोलला होता, आई गेल्यापासून "मी ठीक आहे" सोडून पहिलंच. त्या घोटीव सुरांत गाणाऱ्यांकडे तो बघत राहिला आणि अस्सल कराडी आवाजात ओरडला,

"आमची आई इथं गायला बसली असती ना, तर तिनं या सगळ्यांना बेसूर करून सोडलं असतं!"